नदीच्या रेतीत जीप घालताय? या चुका टाळा

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पैनगंगेचं पात्र म्हणजे वाळवंटच. पारा ४५ च्या पुढे, पाण्याची बारीक धार कुठेतरी पलीकडच्या थडीला, मध्ये नुसती रेती. यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडकडे आम्ही मित्र दर उन्हाळ्यात दोन जुन्या जीप घेऊन उतरतो. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय जायचं नाही आणि कोणाच्या डांगरवाडीवर (पात्रातल्या टरबूज-खरबुजांच्या मळ्यावर) चाक घालायचं नाही, एवढं पाळतो. मोबाइलला रेंज नसते, गॅरेज लांब. तिथं आमचं जे जे अडलं, त्यातलं बहुतेक घरच्या अंगणातच सापडलं असतं.

मागच्या वर्षी माझी जीप रुतली. फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा, दांडा ओढलेला, तरी मागचीच चाकं गरगरत होती. मी आणखी रेस दिली. रेतीत जेवढी रेस द्याल तेवढं चाक खाली जातं. दोन मिनिटांत मागच्या चाकांमधला डिफरन्शियलचा गोळा रेतीला टेकला. तासभर फावडं मारून झालं, तेव्हा डांगरवाडीवरून बघत असलेले एक आजोबा जवळ आले. म्हणाले, "अरे बाबू, समोरचं चाक तं फिरूनच नाही राह्यलं."

खरंच फिरत नव्हतं. जुन्या जीपच्या पुढच्या चाकांना मधोमध हबची गोल चकती असते. ती 'फ्री'वर असेल तर आतला शाफ्ट फिरतो, चाक फिरत नाही. खाली उतरून दोन्ही बाजूंच्या चकत्या हातानं 'लॉक'वर कराव्या लागतात. माझी उजवी चकती वर्षभर न फिरवल्यानं धूळ आणि वाळलेल्या ग्रीसनं जाम झाली होती. निघायच्या आधी पुढचं चाक जॅकवर घ्या, हब लॉक करा आणि चाक हातानं फिरवा. शाफ्टही सोबत फिरला पाहिजे. दोन्ही चाकांचं असं बघा. परत डांबरी रस्त्याला लागलात की फोर बाय फोर काढा. अशा जीपमध्ये वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो ताण गिअरवर येतो आणि दांडा अडकून बसतो.

हवा कमी न करणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. ३० पीएसआयची हवा १८ वर आणली की टायर पसरतो आणि रेतीवर तरंगल्यासारखा चालतो. जैसलमेरकडच्या वाळवंटातही हाच उपाय. पण मग स्टेअरिंग झटक्यानं तोडू नका, टायर रिममधून सुटतो. डांबरीवर जोरात पळवण्याआधी हवा परत भरायची, म्हणून पंप सोबत हवाच. रुतलेल्या चाकाखाली तुराट्या किंवा पऱ्हाट्या कोंबू नका. त्यांची टोकं टायरच्या बाजूला घुसतात, आणि तिथलं पंक्चर पट्टी घालून टिकत नाही. ओला बारदाना टाका, चारही चाकांपुढची रेती उतरती करा, फोर लोमध्ये (चारही चाकांना कमी वेग, जास्त जोर) दुसरा गिअर टाकून हळू निघा.

जॅकखाली जाड फळी नसेल तर गाडीऐवजी जॅकच खाली जातो. आणि पंक्चरवाल्यानं मशीननं आवळलेले नट गाडीतल्या आखूड पान्यानं सुटत नाहीत. स्टेपनी एकदा घरी स्वतः बदलून पाहा. पान्याला जोडायला दोन फूट पाइप लागेल, हे तेव्हाच कळेल.

इंजिन तापलं की घाईनं रेडिएटरचं झाकण उघडणारा मित्र प्रत्येक टोळीत असतो. त्याचा हात धरा. आतलं पाणी दाबाखाली असल्यानं शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच वाफ होऊन तोंडावर येतं. काटा चढू लागताच एसी असेल तर बंद करा, हीटर पूर्ण चालू, गाडीचं तोंड वाऱ्याकडे. वाफ येत असेल तर इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास नुसतं थांबा. नंतर रेडिएटरची जाळी बघा. आमच्या जाळीत गवताचं कुसळ आणि भुसा इतका गच्च बसला होता की आरपार उजेड दिसत नव्हता. मऊ ब्रशनं आणि बाटलीभर पाण्यानं तो काढला, आणि काटा पुन्हा चढला नाही.

ओढून काढताना दोर बंपरला बांधू नका, चेसिसच्या हुकला लावा. दोराच्या दीडपट अंतरात कोणीही उभं राहायचं नाही. तुटलेला दोर किंवा उखडलेला हुक माणसाचा जीव घेतो. दोरावर भिजवलेलं घोंगडं टाका.

डिझेल रेतीत जास्त जातं. टाकी कोरडी पडली तर जुन्या इंजिनच्या नळीत हवा शिरते आणि नुसतं डिझेल ओतून भागत नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारावा लागतो.

फावडं मारायचं काम अकराच्या आत किंवा चारनंतर. डोक्याला ओला दुपट्टा, आणि पिण्याचं पाणी रेडिएटरच्या पाण्यापासून वेगळं ठेवा.

मुक्काम मात्र पात्रात करू नका, रेती कितीही थंडगार वाटली तरी. काठच्या गावांना पिण्यासाठी इसापूर धरणातून उन्हाळ्यातही नदीत पाणी सोडतात. गाड्या थडीवर घ्या, तोंडं गावाकडे करून लावा आणि सोडलेली हवा अंधार पडायच्या आत भरून ठेवा.