मोठ्या ताऱ्यांच्या जन्मावर काम करायचंय? माझा अनुभव

नवीन मुलं विचारतात सुरुवात कुठून करू, म्हणून लिहितेय. मोठा तारा म्हणजे सूर्याच्या साधारण 8 पटीहून जास्त वस्तुमानाचा. मी आले थिअरी करायला, जीन्स मासची (किती वस्तुमान जमलं की गॅस स्वतःच्या गुरुत्वाने कोसळतो, त्याची) गणितं पटापट सुटायची, पण हे तारे जन्मताना दिसत का नाहीत हे कळायला मला कित्येक महिने लागले. सूर्यासारख्या ताऱ्यात आधी गॅस जमतो आणि हायड्रोजन नंतर पेटतो, मोठ्याचं तसं नाही, वरून गॅस पडतच असतो आणि आत फ्युजन सुरूही झालेलं असतं, म्हणजे सगळं बाळपण धुळीत गाडलेलं. वस्तुमानात धूळ जेमतेम 1 टक्का, पण प्रकाश अडवायला तेवढी पुरते. रेडिओ आणि सबमिलिमीटर (मिलिमीटरहून थोड्या छोट्या) लहरी मात्र त्या धुळीतून बाहेर येतात, त्यामुळे त्यांचं निरीक्षण शिकाच.

माझी ट्यूब पेटली अशा ढगातल्या अमोनियाच्या स्पेक्ट्रममुळे, म्हणजे त्याच्या रेडिओ लाइनच्या आलेखामुळे. 23.7 गिगाहर्ट्झच्या आसपास मधे एक उंच शिखर, दोन्ही बाजूंना दोन-दोन बुटकी. मधल्याच्या मानाने बुटकी किती उंच यावरून त्या लाइनसाठी ढग किती अपारदर्शक ते समजतं, आणि वरच्या लेव्हलच्या लाइनशी तुलना केली की तापमान मिळतं. माझं आलं 16 केल्विन. पण लाइनची रुंदी (ती गॅसच्या वेगात मोजतात) होती सेकंदाला जवळपास 2 किलोमीटर, नुसत्या उष्णतेने ती 0.2 च्या आसपास यायला हवी! बाकीची सगळी खळबळ. इतक्या थंड, दाट गॅसचा जीन्स मास सूर्याएवढाच येतो, मग ढगाचे बारीक तुकडे न पडता 20-30 सूर्यांचा तारा कसा होतो? काही म्हणतात ही खळबळच मोठा गाभा तोलून धरते, काही म्हणतात छोटी बीजं सामायिक गॅस ओरबाडून मोठी होतात. मला दुसरं जास्त पटतं. पण तुम्ही आधी एक तरी लाइन स्वतः फिट करा, मग बाजू घ्या.

डेटासाठी अडू नका. आल्मा या चिलीतल्या रेडिओ दुर्बिणीचा डेटा बहुतेक वेळा वर्षभराने सगळ्यांना खुला होतो, कासा (हा डेटा हाताळायचं सॉफ्टवेअर) आणि पायथॉन फुकट आहेत. सोर्स निवडताना 6.7 गिगाहर्ट्झचा मिथेनॉल मेझर (लेसरसारखा, पण रेडिओ लहरींचा नैसर्गिक झोत) असलेला घ्या, तो मोठ्या ताऱ्यांपाशीच सापडतो.

आणि अंतर दोनदा तपासा. अंतर बहुधा गॅसच्या वेगावरून काढतात, आणि आकाशगंगेच्या आतल्या भागात एकाच वेगाला जवळचं आणि लांबचं अशी दोन अंतरं निघतात, मी लांबचं धरलं, ते निघालं खऱ्याच्या दुप्पट, वस्तुमान अंतराच्या वर्गाने वाढतं, म्हणून वस्तुमान चौपट आलं आणि अख्खा चॅप्टर परत लिहावा लागला.