१२ बाय १० च्या खोलीत खोल खर्ज: सबवूफर घेण्याआधी आणि बसवताना

दुकानात जाण्याआधी खोली मोजा. लांबी, रुंदी, उंची, तिन्ही फुटांत. मग ११३० ला प्रत्येक मापाच्या दुपटीने भागा. आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो, त्यामुळे या भागाकारातून खोली त्या दिशेने कुठे घुमणार ते कळतं. फ्लॅटमधली नेहमीची १२ बाय १० ची, साडेनऊ फूट उंचीची खोली धरली तर आकडे येतात ४७, ५६ आणि ६० हर्ट्झच्या आसपास. ते लिहून ठेवा. सब (सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर) कितीही महाग असो, याच आकड्यांवर आवाज एका खुर्चीवर फुगतो आणि शेजारच्या खुर्चीवर गायब होतो.

४७ च्या खालचं गणित वेगळं आहे. तिथे अर्धी लाटही खोलीत मावत नाही, सब खोलीतल्या हवेचा दाब नुसता कमीजास्त करत राहतो. खोली लहान आणि बंद असल्याने हा दाब टिकतो आणि जितकं खाली जावं तितकी खोलीच आवाज उचलून धरते. पूर्ण हवाबंद, अजिबात न हलणाऱ्या भिंती असतील तर सप्तकामागे १२ डेसिबलपर्यंत. दार-खिडक्यांच्या फटींमुळे प्रत्यक्षात इतकं मिळत नाही, पण विटा आणि आरसीसीच्या खोलीत जिप्सम बोर्डाच्या भिंतींपेक्षा नक्कीच जास्त मिळतं. म्हणून लहान खोलीसाठी आमची पसंती सीलबंद डब्याच्या सबला. त्याचा आवाज खाली सप्तकामागे १२ डेसिबलने उतरतो आणि त्यातला बराच भाग खोली भरून काढते. पोर्टवाला सब, म्हणजे डब्याला हवेसाठी भोक असलेला, त्याच्या ट्यूनिंगच्या (ते भोक ज्या सुराला जुळवलंय त्याच्या) आसपास जास्त जोर देतो, पण त्याखाली २४ डेसिबलने कोसळतो. शिवाय तिथे हवेचा आधार सुटून कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) मोकाट हलतो. पोर्टवालाच घ्यायचा असेल तर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर गाळणारा) आहे का आणि ट्यूनिंग किती हर्ट्झला आहे, ही दोन उत्तरं मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

एका १५ इंचीपेक्षा एकाच मॉडेलचे दोन १० किंवा १२ इंची बरे. एकाचेच पैसे हाताशी असतील तर असा मॉडेल निवडा, ज्याचा जोडीदार वर्षभराने मिळू शकेल. दोन सारखे सब एका तालात चालले की अगदी खालच्या खर्जात ६ डेसिबल वाढतात; म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी प्रत्येक कोनला निम्मंच हलावं लागतं. हे महत्त्वाचं आहे, कारण आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली जायचं तर कोनला चौपट हवा ढकलावी लागते. पण दोन सब घेण्याचं खरं कारण जोर नाही, ते दोन जागी ठेवता येतात हे आहे.

हार्मनमधल्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये चौकोनी खोल्यांमध्ये किती सब लागतात आणि ते कुठे ठेवावेत याचा अभ्यास मांडला. त्यातला घरी सहज वापरता येणारा निष्कर्ष म्हणजे समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक सब. आपल्या खोलीत एक सब पुढच्या भिंतीच्या मधोमध आणि दुसरा मागच्या भिंतीच्या मधोमध ठेवला, की लांबीचा ४७ हर्ट्झचा घुमारा दोघे मिळून खोडतात, आणि रुंदीच्या मध्यावर असल्याने ५६ चा उठतच नाही. मागे दार किंवा कपाट असेल तर दोन्ही लांब भिंतींच्या मध्यावर ठेवा. फायदा तोच, फक्त कोणता घुमारा खोडला जातो आणि कोणता उठत नाही याची अदलाबदल होते. समोरासमोरचे तिरपे कोपरे हा तिसरा पर्याय. त्यात ४७ आणि ५६ दोन्ही आवरतात, पण लांबी-रुंदीचा मिळून होणारा ७३ हर्ट्झचा घुमारा पुरत्या जोराने उठतो, तोही क्रॉसओव्हरच्या, म्हणजे सब आणि मुख्य स्पीकर आवाज वाटून घेतात त्या सुराच्या, तोंडावर. एकच सब असेल तर तो बसण्याच्या जागी ठेवा, संथ चालीचं बेस गिटार लावा आणि भिंतीकडेने रांगत, कान जमिनीजवळ ठेवून ऐका. जिथे प्रत्येक सूर सारख्या वजनाचा वाटतो, ती सबची जागा.

खुर्ची मात्र लांबीच्या मध्यावर, म्हणजे ६ फुटांवर नको. मागच्या भिंतीला टेकूनही नको. पुढच्या भिंतीपासून साडेसात-आठ फूट ही बरी जागा.

वायरी आणण्याआधी जागा नक्की करा, नाहीतर केबल हमखास आखूड पडते. रिसीव्हरमधून (स्पीकर चालवणाऱ्या अॅम्प्लिफायरमधून) सबला सिग्नल नेणारी, शील्ड असलेली आरसीए केबल घ्या, दाराच्या चौकटीवरून फिरवायची असेल तर तेवढी लांबी धरून. रिसीव्हर आणि दोन्ही सब शक्यतो एकाच पॉइंटवरून चालवा. ५० किंवा १०० हर्ट्झची घरघर ऐकू आली तर सबमधून आरसीए उपसून पाहा: घरघर थांबली तर अर्थिंगचं वेटोळं (दोन वाटांनी जोडलं गेलेलं अर्थिंग) आहे, चालूच राहिली तर सबचा अॅम्प्लिफायर तपासायला द्या. वेटोळं बहुतेकदा केबल टीव्हीच्या किंवा डिशच्या वायरीतून येतं. ती काढून खात्री करून घ्या. थ्री-पिनची अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात जीव जाऊ शकतो. त्याऐवजी सिग्नलच्या वायरीत लावायचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो.

मोजमाप सुरू करण्याआधी खडखड शोधा. फोनवरून २० ते १२० हर्ट्झचा संथ चढता सूर लावा आणि खोलीत फिरा. सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या, ग्रिल, कपाटाची दारं, माळ्याची झडप, एसीच्या पट्ट्या, भिंतीवरच्या तसबिरी, फॉल्स सीलिंगमधले दिवे, यातलं काही ना काही वाजतंच. फेल्टचे तुकडे, खिडकीची रबर पट्टी आणि थोडं सिलिकॉन एवढ्यात बहुतेक काम भागतं. खडखड राहिली तर दोष सबवर जातो आणि माणूस उगाच आवाज कमी करून बसतो.

मोजायला कॅलिब्रेशन फाइल असलेला यूएसबी माइक, उदाहरणार्थ युमिक-१, आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. माइक कानाच्या उंचीवर, दार नेहमी ऐकताना असतं तसं, स्वीप (चढता सूर) १५ ते २०० हर्ट्झ, आलेख स्मूदिंगशिवाय, म्हणजे रेषा गुळगुळीत न करता. सबवरचा क्रॉसओव्हर नॉब शेवटपर्यंत वर ठेवा किंवा एलएफई इनपुट (सबची स्वतःची गाळणी टाळणारं) वापरा. गाळणी एकाच ठिकाणी, रिसीव्हरमध्ये. मुख्य स्पीकर ‘स्मॉल’ (म्हणजे खर्ज त्यांच्याकडे न जाता सबकडे जातो), क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. दोन्ही सबचा गेन (आवाजाची पातळी) जुळवताना माइक प्रत्येक कोनपासून तेवढ्याच इंचांवर धरा, खुर्चीवरून जुळवू नका. भिंतींच्या मध्यावरच्या जोडीला आधी एकसारखा सिग्नल द्या, वेगवेगळा डिले (उशीर) नको. तो दिला की एकमेकांचा घुमारा खोडण्याचं काम बिघडतं.

मग सब आणि स्पीकर एकत्र लावून आलेखात ८० हर्ट्झच्या आसपास पाहा. इथे एक सोपी युक्ती आहे. रिसीव्हरमधलं सबचं अंतर फूट-फूट बदलत ८० ला सर्वांत खोल खड्डा पडेल अशी जागा शोधा आणि मग सबची फेज १८० ने उलटवा. खड्डा माथ्यापेक्षा नेमका सापडतो, म्हणून जुळणीही नेमकी होते. हे अंतर टेपने मोजलेल्यापेक्षा जास्त आलं तर बिचकू नका, सबच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सचा उशीर त्यात धरलेला असतो.

इक्वलायझर सर्वांत शेवटी, आणि दोन्ही सबना मिळून एकच. उंचवटे कापा; घुमाऱ्याचा उंचवटा नेमका कापला की त्याची लांबलेली शेपूटही आखडते. खड्डे भरू नका. तिथे लाटा एकमेकींना खोडत असतात, ६ डेसिबल वाढवायला चौपट पॉवर जाते आणि खड्डा जिथल्या तिथे राहतो. १०० हर्ट्झपासून ३० पर्यंत ४-५ डेसिबलचा हलका चढ ठेवलात तर कानाला भरीव वाटतं. शेवटी तबल्याचं स्वच्छ रेकॉर्डिंग लावा. डग्ग्याचा सूर घसरत जाताना एखादाच टप्पा उसळून आला तर तिथे अजून कापायचं बाकी आहे.

भिंतींवर लावायच्या दोन इंची फोमवर मात्र पैसे घालू नका. ४७ हर्ट्झच्या लाटेची पाव लांबीच सहा फुटांची असते, तो फोम तिला जाणवतही नाही. सबखालची रबरी पॅड फरशीत जाणारी थरथर कमी करतात, हवेतून स्लॅबपार जाणारा खर्ज थांबवत नाहीत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा ‘ए’ मापाची आहे, आणि ते माप ४० हर्ट्झचा सूर सुमारे ३५ डेसिबलने कमी दाखवतं. म्हणून फोनवरच्या आकड्यावर विसंबू नका. खालच्या घरी जाऊन एकदा ऐका आणि रात्रीसाठी सबची पातळी ६ ते १० डेसिबल उतरवलेलं वेगळं प्रीसेट करून ठेवा.

डबा एमडीएफचा असेल तर पावसाळ्यात फरशी पुसताना खालच्या कडा पाणी पिऊन फुगतात. उंच पाय लावा. आणि सबमागच्या प्रत्येक नॉबच्या जागी मार्करची बारीक खूण करा, कारण झाडू-फडक्याने तो नॉब कधी सरकला हे कळतही नाही.