प्रबळमाचीचा एक दिवसाचा सोपा ट्रेक करताय? मग या चुका टाळा

ठाण्यातून किंवा नवी मुंबईतून सकाळी निघायचं, डोंगर चढायचा, वाडीत चुलीवरचं जेवायचं आणि रात्री आपल्या घरी झोपायला यायचं, असा बेत असेल तर प्रबळमाचीसारखी दुसरी जागा मला तरी सुचत नाही. पनवेलच्या पुढे शेडुंग फाट्यावरून आत ठाकूरवाडी, तिथून रमतगमत दीड-दोन तासांचा चढ, वर माचीवर ठाकर लोकांची वाडी आणि समोर कलावंतीणीचा सुळका नि प्रबळगड उभे. मी राहतो ऐरोलीला, गेली काही वर्षं दर थंडीत सोसायटीतल्या, ऑफिसातल्या, ओळखीपाळखीच्या लोकांना घेऊन जातोय, सात वर्षांच्या पोरीपासून सत्तरीच्या काकांपर्यंत सगळे येऊन गेलेत. आणि जेव्हा जेव्हा काही बिघडलं ना, तेव्हा प्रत्येक वेळी कुणीतरी "सोपाच तर आहे" म्हणून काहीतरी सोडून दिलेलं होतं. कुणी पाणी, कुणी वेळ, आणि सगळ्यात जास्त वेळा वाटाड्या.

उशिरा निघणं

ही सगळ्यात मोठी चूक, बाकीच्या अर्ध्या चुका हिच्याच पोटातून येतात. रविवार असतो, आरामात उठू म्हणतात, मग ट्रान्स हार्बरची गाडी पकडून पनवेलला येतात तोवर नऊ-साडेनऊ, नाश्ता होतो, टमटमवाल्याशी घासाघीस होते, ठाकूरवाडीत पोचायला साडेदहा-अकरा. आता त्या चढाचा खालचा बराचसा भाग उघडा आहे, सावली कमी, अकरानंतर कातळ असा तापतो की खालून आणि वरून दोन्हीकडून भाजून निघतं. आम्ही सहाच्या आसपासची गाडी पकडतो, साडेसात-आठला चढायला लागतो आणि दहाच्या आत माचीवर असतो, तेव्हा वारा असतो आणि लहान मुलंसुद्धा कुरकुर करत नाहीत. रविवारी मेगाब्लॉक हार्बरवर आहे की ट्रान्स हार्बरवर ते शनिवारीच बघून ठेवा, कारण सकाळी सुटलात तरी परत येताना त्यात सापडायचा धोका असतो.

परतीची वेळसुद्धा वर जायच्या आधी ठरवा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि डोंगराच्या आडोशाच्या वाटेवर अंधार त्याच्याही आधी उतरतो, त्यामुळे साडेतीनला माची सोडायची म्हणजे सोडायची, मग कुणाचा फोटो राहिला असला तरी.

झालाच उशीर, तर काय? तर ते भरून काढायला पळू नका. वर जायची हौस कमी करा, अर्ध्या वाटेवर कातळात कोरलेले गणपती आणि मारुती आहेत, तिथे सावलीत बसा, डबे खा, परत या. असं दोनदा केलंय आम्ही आणि कुणाचाच दिवस वाया गेला नाही.

पाणी माणशी तीन लिटर, एका बाटलीत ओआरएस किंवा घरचं लिंबू-मीठ-साखर. नुसतं पाणी ढोसत राहिलात आणि घामावाटे मीठ गेलेलं असलं की पोटरीत गोळे येतात, मग तो माणूस तिथेच बसतो. गोळा आला तर पाय सरळ करून पंजा हळूहळू स्वतःकडे ओढायचा, जोरजोरात चोळायचं नाही, आणि मिठाचं पाणी घोट घोट द्यायचं. पण कुणाचं डोकं ठणकायला लागलं, मळमळ, अंग तापलेलं आणि बोलणं असंबद्ध व्हायला लागलं तर हे साधं दमणं नाही, हा उष्माघात आहे. लगेच सावली, कपडे सैल, मानेला काखेत जांघेत ओली फडकी, वारा घालायचा, शुद्धीवर असेल तरच घोट घोट पाणी, गुंगीत असेल तर तोंडात काही घालायचं नाही. आणि दोन्ही वेळा १०८ ला फोन लावायचा.

वाटाड्या घेतला, पण त्याचं ऐकलं नाही

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण मला हा भाग मनापासून महत्त्वाचा वाटतो. "गाइडेड" म्हणून विकले जाणारे बरेच ट्रेक असे असतात की ठाण्याहून बस भरून साठ माणसं आणि पुढे-मागे दोन पोरं, तीही शहरातलीच. अशाच एका ग्रुपबरोबर मी अगदी सुरुवातीला गेलो होतो, मधली पंधरा-वीस माणसं खालच्या एका फाट्यावर चुकून ढोरवाटेला, म्हणजे गुरांच्या वाटेला लागली आणि तासभर कारवीच्या झुडपांत अडकली, आणि त्यांना बाहेर कुणी काढलं तर गुरं चारायला आलेल्या एका आजोबांनी. त्या दिवसापासून मी ठरवलं की माणसं बारा-पंधराच्या वर न्यायची नाहीत आणि वाटाड्या वाडीचाच घ्यायचा.

वाडीचा माणूस म्हणजे काय, तर तो दर आठवड्याला डोक्यावर तांदूळ, डाळ, सिलेंडर घेऊन त्याच वाटेने चढतो. गेल्या पावसात कुठला दगड सुटलाय, कुठे घसारा झालाय, कुठल्या झाडावर आग्या मोहोळ बसलंय, हे त्यालाच माहीत. आदल्या आठवड्यात फोन करून पैसे, वेळ, किती माणसं, त्यात लहान किती आणि गुडघेदुखीवाले किती, कुठपर्यंत जायचं, सगळं स्पष्ट बोला. ठरलेल्या पैशात वर जाऊन कापाकापी करू नका. रोख न्या, नेटवर्क असेल तर यूपीआय चालतं पण त्याच्या भरवशावर राहू नका.

आणि मग तो दादा पुढे चालू लागला की त्याच्या पुढे धावू नका. सगळ्यात शेवटी आपल्यातलाच एक अनुभवी माणूस ठेवायचा, त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही, आणि प्रत्येक फाट्यावर पुढच्यांनी मागचे दिसेपर्यंत थांबायचं. एवढं पाळलं तरी वाट चुकायचा प्रश्न जवळजवळ संपतो.

एक छोटी गोष्ट, "दादा अजून किती?" असं विचारलं की "हे काय, पाच मिनिटं" असं उत्तर येतं. तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच पाच मिनिटं लागतात. त्यापेक्षा "आता मध्ये चढ किती, सपाटी किती, पुढची सावली कुठे" असं विचारा, त्याचं उत्तर नेमकं मिळतं.

"आता आलोच आहोत तर कलावंतीण पण करू"

नका करू. म्हणजे वेगळा दिवस काढून, तयारीने, फक्त ज्यांना उंचीची सवय आहे त्यांनी जरूर करा, पण घरच्या मंडळींना घेऊन माचीचा सोपा ट्रेक ठरवलेला असताना जेवल्यावर अचानक नको. कलावंतीणीच्या कातळात खोदलेल्या उंच पायऱ्या आहेत, बाजूला कठडा नाही, आणि चढताना जे जमतं ते उतरताना खाली बघितल्यावर जमेनासं होतं. सुट्टीच्या दिवशी तिथे गर्दी होते, वरून येणारे खालून जाणारे एकाच पायरीवर अडतात. पावसाळ्यात तर इथे बऱ्याचदा बंदी असते, जायच्या आधी वन विभागाची आणि पोलिसांची सूचना बघाच, आणि बंदी असेल तर चोरवाट विचारून वाडीतल्या लोकांना अडचणीत आणू नका. कुणी मध्येच घाबरून बसलंच तर ओरडून धीर देऊ नका, एकाने त्याच्या खालच्या बाजूला यावं, तोंड कातळाकडे करून एकेक पाऊल कुठे ठेवायचं ते सांगत उतरवावं.

वाडीत पाहुण्यासारखं न वागणं

जेवण आधी सांगितलेलं नसतं आणि पंचवीस जण एकदम अंगणात उभे राहतात. वर दुकान नाही हो. तांदूळ, भाजी, तेल सगळं खालून डोक्यावर येतं, म्हणून निदान दोन दिवस आधी माणसांचा आकडा सांगा, आणि सांगितल्यावर चार माणसं कमी आली तरी सांगितलेल्या ताटांचे पैसे द्या, कारण वहिनींनी भाकऱ्या तेवढ्याच थापलेल्या असतात. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, कांदा, मिळाली तर एखादी रानभाजी. हे सोडून वर मॅगी मागणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं.

पाण्याचं तर विशेष सांगतो. मार्च-एप्रिलनंतर वर पाणी आटत जातं आणि दारातला प्रत्येक हंडा कुणा ना कुणा बाईने उचलून आणलेला असतो. पायाला चिखल लागला म्हणून त्या हंड्यातलं पाणी ओतून पाय धुताना मी लोकांना बघितलंय, आणि घरातली मावशी काही बोलली नव्हती, पाहुण्याला कसं बोलणार. तेव्हा आपणच सांभाळायचं. पिण्यापुरतं मागा, हात पुसायला ओलं फडकं घरून आणा.

फोटो विचारून. कारवीच्या काठ्यांचा कूड, म्हणजे भिंत, त्यावर शेणामातीचा लेप, अशी घरं आता कमी होत चालली आहेत, त्यामुळे काढावासा वाटणारच, पण ते कुणाचं तरी घर आहे आणि आत कुणीतरी राहतंय. पोरांना चॉकलेटं वाटू नका, द्यायचंच असेल तर वाटाड्याला विचारून शाळेच्या उपयोगाचं काहीतरी द्या. समोर इर्शाळगड दिसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या अंगाखांद्यावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. इथल्या माणसांना "तुमचं कुणी होतं का त्यात" असं जेवता जेवता विचारू नका, त्यांना सांगावंसं वाटलं तर ते सांगतील, तेव्हा ऐका.

कचऱ्याची पिशवी स्वतःची न्या आणि भरून स्वतःबरोबर खाली आणा, संत्र्याची सालं आणि सॅनिटरी पॅड धरून सगळं.

वाट चुकली तर

पहिलं म्हणजे थांबायचं. जिथे शेवटची पक्की वाट दिसली होती तिथपर्यंत मागे जायचं. ओढा धरून खाली उतरलं की गाव लागतं असं कुणीतरी सांगतो, आपल्या सह्याद्रीत ते फार धोक्याचं आहे, इथले ओढे कड्यावरून खाली उड्या घेतात आणि तुम्ही अशा जागी अडकता जिथून ना खाली जाता येत ना परत वर. ढोरवाट ओळखायची सोपी खूण म्हणजे ती फाटत फाटत बारीक होत जाते आणि फांद्या छातीला लागायला लागतात, माणसांची वाट डोक्यापर्यंत मोकळी असते. नकाशा घरीच डाउनलोड करून ठेवा आणि चालताना फोन एअरप्लेन मोडवर टाका, रेंज शोधता शोधता बॅटरी संपते आणि मग नेमकी ११२ लावायच्या वेळी फोन बंद.

बूट

माळ्यावरचे चार वर्षं न घातलेले बूट काढून आणू नका. वरून नवेकोरे दिसतात पण सोलचा फोम आतून कुजलेला असतो, दर दोन-तीन ट्रेकला एकाचा तरी सोल अर्ध्या वाटेवर सुटतोच. माझ्या सॅकमध्ये सुतळी आणि रुंद चिकटपट्टी कायम असते, पुढून आणि मधून बुटाभोवती घट्ट गुंडाळली की खाली उतरेपर्यंत चालतं. आदल्या दिवशी पायाची नखं कापा आणि उतरायच्या आधी लेस पुन्हा आवळून बांधा, नाहीतर उतारावर अंगठा पुढे आपटून काळानिळा होतो. उताराला गुडघे दुखत असतील तर छोटी पावलं, जरा तिरकं उतरायचं, हातात काठी.

मधमाश्या आणि साप

सेंट, डिओ मारून जंगलात येऊ नका, मोहोळाच्या आसपास धूर, सिगरेट, आरडाओरडा काही नको. उठल्याच माश्या तर हात झटकत उभं राहू नका, तोंड-डोकं कपड्याने झाका आणि बघून पावलं टाकत तिथून लांब निघा, आणि नंतर काटे नखाने खरवडून लगेच काढा. अंगभर चावल्या असतील किंवा श्वास लागत असेल तर थेट दवाखाना.

आपल्या भागात फुरसं खूप, दगडाखाली बसतं, म्हणून दगडाच्या फटीत बघितल्याशिवाय हात घालायचा नाही. चावलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून दोरी बांधायची नाही. अंगठी, बांगडी, घड्याळ काढा, तो हातपाय हलवू देऊ नका, माणसाला चालवू नका, उचलून न्या, सरळ हॉस्पिटल, जिथे सापाच्या विषावरचं इंजेक्शन मिळतं. मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही.

पनवेलपर्यंत यायला जमत नसेल त्यांच्यासाठी

ठाण्यात येऊर आहे, खारघरच्या डोंगरावर चाफेवाडी-फणसवाडी आहे. तिथे वेगळी चूक होते. घरामागचा डोंगर म्हणून लोक नियम विचारतच नाहीत. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्याचं घर आहे, पाड्यांकडे जाणारा रस्ता सोडून परवानगीशिवाय आत जंगलात शिरणं हा गुन्हा आहे, आणि संध्याकाळनंतर तिथे रेंगाळण्यात काही शहाणपण नाही. खारघरला पांडवकड्याच्या धबधब्यात पावसाळ्यात जीव गेलेले आहेत, बंदी त्याचसाठी घालतात, तिकडे पाऊस थांबल्यावर जा.

आणि परतीची गाडी. ठाकूरवाडीला एसटी मोजक्याच, टमटम संध्याकाळी मिळेलच असं नाही. सकाळी ज्या टमटमने आलात त्याच दादाचा नंबर घ्या, पाच वाजता या म्हणून सांगा, आणि माची सोडताना रेंज आहे तोवर "निघालो" म्हणून फोन करा, पुढे घळीत रेंज जाते.