लाल शाई रोजच्या कागदावर कशी पारखावी

फाउंटन पेनासाठी लाल शाई निवडताना बहुतेक जण रंग पाहतात, आणि तोही जाड, गुळगुळीत कागदावरच्या नमुन्यात. प्रत्यक्षात ही शाई चालते ती प्रिंटरच्या साध्या कागदावर, वहीच्या पातळ पानांवर आणि पाठकोऱ्या कागदांवर. शिवाय बरेचदा दुसऱ्याच्या मजकुरात, दोन ओळींमधल्या अरुंद जागेत. म्हणून तिची परीक्षाही त्याच कागदांवर आणि रोजच्याच पेनाने घ्यावी.

पेन आधी स्वच्छ धुवावे. फीडमध्ये, म्हणजे निबपर्यंत शाई पोचवणाऱ्या तिच्याखालच्या भागात, पाणी उरले असेल, तर सुरुवातीच्या ओळी फिक्या येतात, त्यामुळे नवी शाई भरल्यावर अर्धे पान सहज लिहून काढावे आणि मगच नमुन्याला हात घालावा. लिहिताना मनगटाखाली एखादा कोरा कागद ठेवावा, कारण हाताचा घाम आणि तेलकटपणा पानाला लागला की तेवढ्या जागी शाई वेगळीच वागते.

नुसत्या रेघोट्या ओढून काही कळत नाही. नेहमीच्या आकाराच्या अक्षरांत दोन-तीन वाक्ये लिहावीत आणि त्यांत ‘क्ष’, ‘ध’, ‘भ’, ‘ठ’ अशी गाठी व पोकळ्या असलेली अक्षरे मुद्दाम आणावीत. कागदाला कारखान्यात खळ दिलेली असते, ती शाईला लगेच आत शिरू देत नाही. खळ कमी किंवा असमान असेल, तर शाई केशाकर्षणाने तंतूंच्या कडेकडेने धावते, अक्षरांना केसासारखे फाटे फुटतात आणि ‘ध’ची गाठ बुजून जाते. नुसत्या जीएसएमच्या, म्हणजे एका चौरस मीटर कागदाच्या ग्रॅममधल्या वजनाच्या, आकड्यावरून हे ओळखता येत नाही. ८० जीएसएमच्या साध्या कागदावर फुटणारी शाई ५२ जीएसएमच्या, पण चांगली खळ दिलेल्या टोमोए रिव्हरसारख्या पातळ जपानी कागदावर स्वच्छ उमटू शकते. एकाच पानाच्या दोन्ही बाजूही कधी कधी सारख्या नसतात, तेव्हा दोन्हीकडे लिहून पाहावे.

यानंतर पान उलटावे. ‘संबंध’ लिहिताना अनुस्वारापाशी पेन क्षणभर टेकते आणि तेवढ्या ठिकाणी शाई साचते. मागच्या बाजूला सर्वांत आधी लाल ठिपके दिसतात ते बहुधा याच टिंबांचे आणि जिथे काना संपतो त्या टोकांचे. मात्र अक्षरे मागून नुसती पुसट दिसणे आणि शाई आरपार जाणे यांत फरक आहे. पहिल्यात कागद पातळ असतो एवढेच, आणि मागची बाजू बहुतेक वेळा वापरता येते. खालच्या पानावरही डाग उतरला असेल, तर ती शाई त्या कागदासाठी बाद समजावी.

वाळण्याची चाचणी सोपी आहे. एक रेघ ओढून ५ सेकंदांनी तिच्यावरून कोरडे बोट फिरवावे, मग नवी रेघ ओढून १० सेकंदांनी, पुढे २० आणि ३० सेकंदांनी तसेच करावे. शोषक कागदावर शाई लवकर वाळते, पण फुटते. चांगल्या खळीच्या कागदावर ती रेखीव राहते, पण वाळायला वेळ घेते. भराभर पाने उलटत शेरे द्यायचे असतील, तर मी थोडे फुटणे पत्करून लवकर वाळणारीच शाई घेईन.

दुरुस्तीसाठी शाई हवी असेल, तर निळ्या शाईच्या मजकुरावरही लिहून पाहावे. निळी शाई पाण्यात विरघळणारी असेल, तर ओल्या लाल रेघेखाली ती सुटते, दोन्ही मिसळून जांभळट डाग पडतो आणि थोडी निळी शाई निबवरही चढते. ज्यांना लाल रंग नीट ओळखता येत नाही, त्यांना लाल आणि काळे जवळपास सारखेच दिसू शकतात; अशा वाचकांसाठी रंगावर विसंबू नये, अधोरेखन किंवा खूण करावी.

शाई फुटत असेल, तर आधी बारीक निब वापरून पाहावी, मग कमी शाई सोडणारे पेन घ्यावे आणि त्यानेही भागले नाही, तरच शाई बदलावी. पाणी घातल्याने रंग हमखास फिका होतो, फुटणे मात्र थांबेलच असे नाही. गडद लाल शाईचे डाग कन्व्हर्टरवर, म्हणजे पेनातल्या शाई भरायच्या नळीवर, राहतात, म्हणून महागड्या पारदर्शक पेनात ती पहिल्यांदाच भरू नये.

सर्वांत जास्त वेळ घेणारी परीक्षा उजेडाची, आणि लाल शाईच्या बाबतीत ती टाळू नये. अनेक लाल शायांत इओसिनसारखी रंगद्रव्ये असतात. ती उठावदार दिसतात, पण उजेडात उडतात. लिहिलेल्या पानाचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून ते उन्हाच्या खिडकीत ठेवावे आणि महिन्याभराने दोन्ही भाग शेजारी-शेजारी पाहावेत. उघडा भाग बराच फिकटला असेल, तर ती शाई शेरे आणि दुरुस्त्यांपुरती ठेवावी. जपून ठेवायच्या नोंदींसाठी ती वापरू नये.