फारकतीचा कागद लॅमिनेट करून आणू नका: घटस्फोट आणि मुलांच्या ताब्याच्या कामात या चुका टाळा

मी वकील नाही, वकिलांचा कारकून आहे. साताऱ्याला सदर बझारच्या कोर्टात उमेदवारी सुरू केली त्याला 22 वर्षं झाली. अर्ज टाइप करायचे, बेलिफाच्या मागे लागायचं, नकला काढायच्या आणि व्हरांड्यात ताटकळलेल्या पक्षकाराला सांगायचं की पुकारा व्हायला वेळ आहे, चहा घेऊन या. कायदा वकीलसाहेब समजावतात. पण पक्षकारानं येण्याआधी काय घोळ करून ठेवलाय ते पहिल्यांदा मला कळतं, कारण पिशवीतले कागद माझ्या टेबलावर निघतात.

स्टॅम्पवरची फारकत

या एका चुकीवर मी दिवसभर बोलू शकतो. कोरेगावकडचा एक जण आला. नवरा-बायकोचं पटेना म्हणून गावात बैठक बसली होती. दोन्हीकडची पाच-पाच माणसं, मुलीचे दागिने परत, दीड लाख रोख, आणि शंभराच्या स्टॅम्पवर मजकूर: ‘यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क राहिलेला नाही.’ खाली नोटरीचा लाल शिक्का. दोन वर्षांनी त्यानं दुसरं लग्न केलं, मुलगी झाली, आणि मग पहिल्या बायकोच्या पोटगीच्या अर्जाचं समन्स आलं. गडी निवांत होता. पिशवीतून तो कागद काढला, चक्क लॅमिनेट केलेला. “झालीय की फारकत. ही बघा.”

वकीलसाहेबांनी कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “हुकूमनामा कुठाय?”

“हुकूमनामा म्हणजे?”

त्याची दुसरी बायको बाहेर बाकावर पोरीला दूध पाजत बसली होती. तिला आत बोलावून हे सांगायचं काम कुणालाच नको होतं.

हिंदू विवाह कायदा 1955 सालचा आहे. त्यात लग्न मोडायचं तर कोर्टाचा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाच्या निकालाचा रीतसर आदेश, लागतो. नोटरी फक्त सही कुणी केली ते बघतो, लग्न मोडायचा अधिकार त्याला नाही. काही समाजांत काडीमोडीची रूढी आहे आणि कलम 29 तिला जागा देतं, हे खरं. पण ती रूढी कोर्टात पुराव्यानिशी शाबीत करावी लागते, ‘आमच्यात चालतं’ म्हणून भागत नाही. पहिलं लग्न उभं असताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल. वर भारतीय न्याय संहितेचं कलम 82 आहे, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा. पोरगी मात्र कायद्यानं औरस, तेवढी सोय विवाह कायद्याच्याच कलम 16 नं ठेवलीय. शेवटी त्यानं पहिलीला पुन्हा पैसे मोजले, संमतीचा अर्ज केला, हुकूमनामा घेतला आणि मग त्याच दुसऱ्या बायकोशी पुन्हा रीतसर लग्न लावून नोंदवलं. पोरगी तोवर बालवाडीत जायला लागली होती. ऑक्टोबर 2024 पासून अशा कागदांना शंभराऐवजी पाचशेचा स्टॅम्प लागतो. किंमत वाढली, या कामापुरतं कागदाचं वजन तेवढंच आहे.

पटत नाही हे दोघांना मान्य असेल तर त्याच विवाह कायद्यात कलम 13-ब आहे, संमतीनं घटस्फोट. किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिला अर्ज, मग सहा महिने थांबायचं, मग पुन्हा दोघांनी हजर राहून सांगायचं. ‘सहा महिने माफ होतात म्हणे’ असं मोबाइलवर वाचून येणारे आठवड्याला दोन तरी भेटतात. सुप्रीम कोर्टानं 2017 मध्ये तसं म्हटलंय, पण अटी घालून: दीड वर्षाहून जास्त काळ वेगळे राहिलेले, पोटगी आणि मुलांचं सगळं खरोखर मिटलेलं, समेटाची आशा नाही. तीन महिन्यांपूर्वी घर सोडलेल्यांसाठी ते नाही. आणि लग्नालाच वर्ष झालं नसेल तर अपवादात्मक परिस्थिती सोडली तर अर्जच घेत नाहीत.

यातच दुसरी चूक होते: ठरलेली सगळी रक्कम पहिल्याच तारखेला देऊन टाकणं. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. मी टाइप करतो त्या तडजोडीच्या अटींत निम्मी रक्कम पहिल्या अर्जाला आणि निम्मी डीडीनं शेवटच्या तारखेला असते. भांडीकुंडी, मंगळसूत्र, फ्रीज, गाडी सगळं नगानिशी लिहितो. लोक हसतात. मिक्सर कुणाचा यावरून अडलेली तारीख त्यांनी पाहिलेली नसते.

नोटीस परत पाठवणारे

‘पोस्टमन ओळखीचा आहे, घेतलीच नाही.’ वा! लिफाफ्यावर ‘घेण्यास नकार’ शेरा पडला की कोर्ट नोटीस बजावली असं धरू शकतं. काम एकतर्फी चालतं, आणि सहा महिन्यांनी साहेबांना कळतं की आपण घटस्फोटित आहोत. एकतर्फी निकाल फिरवायला अर्ज करता येतो, मुदत 30 दिवस. त्यापुढं उशीर माफ करायचा वेगळा अर्ज, वेगळं कारण, वेगळा खर्च. नोटीस घ्या, पाकीट फेकू नका, त्यावरची तारीख लिहून ठेवा.

पोराला पढवून आणणं

हे मात्र मला राग आल्याशिवाय लिहिता येत नाही.

मुलाच्या ताब्याचं काम होतं. पोरगा सहा-सात वर्षांचा, आजीबरोबर आला होता, केसाला तेल लावून भांग पाडलेला. न्यायाधीश मॅडमनी त्याला चेंबरमध्ये एकट्याला बोलावलं. दहा मिनिटांत बाहेर आला, आजीच्या पदराला धरलं आणि भर व्हरांड्यात म्हणाला, “आजी, सगळं सांगितलं. मम्मी मानसिक छळ करते ते पण सांगितलं. फक्त ते मोठं वाक्य विसरलो.” बाकावरची माणसं गप्प झाली. आजी त्याला ओढत जिन्याकडं घेऊन गेली.

आत काय झालं ते मला माहीत नाही. पण एवढ्याशा पोराच्या तोंडी ‘मानसिक छळ’ आला की समोरच्याला कळतं वाक्य कुठून आलंय. न्यायाधीश रोज मुलांशी बोलतात. पोरं शाळेचं, मांजराचं, बसमधल्या मित्राचं बोलतात. पढवलेलं पोर उभं राहून म्हणून दाखवतं.

कायद्याचं म्हणाल तर 1956 च्या अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असतं. पण सगळ्याच्या वर एकच कसोटी, मुलाचं हित. ‘माझा पगार जास्त’ किंवा ‘वंशाचा दिवा आमचा’ ही कसोटी नाही. कुणाकडे राहून शाळा न मोडता चालते, आजारी पडल्यावर रात्री कोण उठतं, हे विचारलं जातं. मी आईबापांना सांगतो: गुणपत्रकं, लसीकरणाचं कार्ड, शाळेच्या फीच्या पावत्या एका फाईलीत ठेवा. तुमच्या जिद्दीपेक्षा ही फाईल बोलते.

शाळा सुटताना पोराला परस्पर उचलून पुण्याला नेणारेही आहेत. त्यांना वाटतं, आता केस पुण्याला चालेल. 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्यात मूल नेहमी जिथं राहतं तिथलं कोर्ट बघतात. चार दिवसांपूर्वी नेलेलं पोर ‘नेहमी राहणारं’ होत नाही. उलट नेणाऱ्याच्या नावावर एक काळा ठिपका पडतो.

आणि पोटगी व भेट यांची अदलाबदल करू नका. ‘पोर दाखवत नाही, मग पैसे देणार नाही’ आणि ‘पैसे देत नाही, मग पोर दाखवणार नाही’, दोन्ही चुकीचं. भेटीला आडवं आलं तर भेटीसाठी अर्ज करा.

बाकीच्या, एकेका ओळीत

पोटगी हातात रोख देऊ नका. बँकेतून पाठवा, नाहीतर वसुलीच्या अर्जात तुमचा शब्द विरुद्ध तिचा शब्द.

उत्पन्न लपवू नका. 2020 पासून पोटगीच्या कामात दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ऊस कारखान्याला जातो आणि प्रतिज्ञापत्रात ‘शेती नाही’, असं करणाऱ्याला सातबारा दाखवायला समोरचा वकील फार वेळ घेत नाही.

व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट आणता, पण मूळ मोबाइल विकून बसता. मोबाइल जपा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र सोबत लागतं.

वकिलांची फी परवडत नाही म्हणून बाईनं गप्प बसू नये. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

तारीख माझ्याकडून फोनवर विचारू नका. ई-कोर्ट्स ॲपमध्ये सीएनआर नंबर, म्हणजे तुमच्या केसचा ओळख क्रमांक, टाका. (हे माझ्या सोयीसाठी आहे, मान्य.)

‘हायकोर्टात खेचतो’ ही धमकी 18 ऑगस्ट 2025 ला कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून फार वाढलीय, कारण मुंबईचा प्रवास वाचला. दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्या निकालावर अपील आधी जिल्हा न्यायालयात असतं. धमकी देण्याआधी जिना तरी चढा.

शेवटची घाई लग्नाची. वादातून झालेल्या निकालावर अपिलाची मुदत 90 दिवस आहे, तोवर दुसरं लग्न नाही. परवा एक गृहस्थ निकाल लागून तास झाला नाही तोच विचारत होते, हॉलला ॲडव्हान्स देऊ का, पुढच्या महिन्यातला चांगला मुहूर्त आहे. मी भिंतीवरचं कालनिर्णय काढून त्यांच्यासमोर ठेवलं आणि एकेक चौकोन मोजायला लावला. साठाव्या चौकोनाला त्यांनी ‘अजून किती?’ विचारलं.