परदेशी सरकारची शिष्यवृत्ती: बडोद्यातून अर्ज करताना आधी कागद, मग फॉर्म

परदेशी सरकारच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला एखाद-दोन संध्याकाळी पुरतात. त्याला जोडायचे कागद जमवायला मात्र तीन-चार महिने लागतात. बहुतेक मुलं उलटीकडून सुरुवात करतात: आधी जाहिरात दिसते, मग फॉर्म भरला जातो आणि शेवटच्या आठवड्यात दाखल्यांसाठी धावपळ होते. अर्ज बाद होतात ते बहुधा याच आठवड्यात.

आधी कॅलेंडर घ्या. पुढच्या वर्षी सप्टेंबरात तिकडच्या वर्गात बसायचं असेल तर तयारी या उन्हाळ्यातच लागते. ब्रिटनची चिव्हनिंग साधारण ऑगस्टमध्ये उघडते आणि ऑक्टोबरात बंद होते. हंगेरीची स्टिपेंडियम हंगारिकम जानेवारीच्या मध्यापर्यंत असते आणि तुर्कस्तानची तुर्किये बुर्सलारी १० जानेवारी ते २० फेब्रुवारी. कोरियाची पदव्युत्तर जीकेएस फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. जपानच्या मेक्स्टचा दूतावासामार्फतचा अर्ज उन्हाळ्यात करायचा असतो, पण प्रत्यक्ष जाणं पुढच्या वर्षी. अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरूचंही तसंच: मे महिन्यात अर्ज आणि पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये प्रवेश. तारखा मागेपुढे सरकतात, म्हणून त्या वर्षीची अधिकृत मार्गदर्शिकाच प्रमाण माना. कोणी पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज नव्हे.

मग पात्रतेच्या ओळी वाचा, आणि त्या वाचताना स्वतःशी उदार होऊ नका. चिव्हनिंगला कामाचा २,८०० तासांचा अनुभव लागतो. अर्धवेळ काम आणि इंटर्नशिपही धरतात, पण तास खरे मोजून लिहावे लागतात. फुलब्राइट-नेहरू मास्टर्सला तीन वर्षांची पूर्णवेळ नोकरी, पदवीला किमान ५५ टक्के, आणि पदवी अमेरिकेच्या चार वर्षांच्या तोडीची हवी. म्हणजे नुसतं तीन वर्षांचं बी.कॉम. चालत नाही, त्यावर एम.कॉम. किंवा पूर्ण पदव्युत्तर पदविका लागते. जीकेएसला ८० टक्के गुण आणि वय चाळिशीच्या आत. तुर्कस्तानला मास्टर्ससाठी ७५ टक्के आणि वय ३० पेक्षा कमी, मेक्स्टच्या संशोधन विद्यार्थ्याला ३५ पेक्षा कमी. फ्रान्सच्या आयफेलसाठी स्वतः अर्ज करताच येत नाही. तिथली संस्था तुमचं नाव सुचवते, म्हणून आधी संस्थेत प्रवेशाचा अर्ज करावा लागतो.

गुण सीजीपीएत असतील तर टक्के स्वतः काढून लिहू नका. दहाने किंवा साडेनवाने गुणण्याची रीत सगळीकडे मान्य नसते. विद्यापीठाकडून सहीशिक्क्याचं रूपांतराचं पत्र घ्या. ७९.६ टक्क्यांचे ८० करणारा अर्ज छाननीत पहिल्याच फेरीत बाहेर जातो.

नावाचा घोळ

बडोद्यातल्या मराठी घरांत सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे नाव. समजा, मुलाचं नाव प्रणव शिंदे. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर 'शिंदे प्रणव सुरेशराव', आधारवर 'प्रणव सुरेशभाई शिंदे', पासपोर्टवर 'प्रणव सुरेश शिंदे'. इथल्या कुठल्याही कारकुनाला ही तिन्ही एकाच मुलाची नावं आहेत हे न सांगता कळतं. सोलमधल्या किंवा अंकारातल्या अधिकाऱ्याला 'भाई' आणि 'राव' हे नावाचे भाग वाटतात, आणि गुजरात बोर्ड आडनाव आधी छापतं हेही त्याला ठाऊक नसतं. त्याच्या लेखी ही तीन वेगळी माणसं.

उपाय असा. पासपोर्ट हा पाया धरायचा. सगळ्या फॉर्मवर नाव पासपोर्टात आहे तसंच, त्याच स्पेलिंगने आणि त्याच क्रमाने. आडनावाच्या रकान्यात आडनाव आणि 'गिव्हन नेम'मध्ये बाकी सगळं. फरक 'भाई-राव'पुरता असेल तर ही सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीचं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून घ्या. त्यात प्रत्येक दस्तऐवजाचा नंबर आणि त्यावरचं नाव जसंच्या तसं लिहा. आडनाव किंवा जन्मतारीखच वेगळी असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागत नाही. नावासाठी राजपत्र आणि तारखेसाठी मूळ दाखल्यातली दुरुस्ती, आणि हे महिन्यांचं काम आहे. लग्न ठरलेल्या मुलींनी अर्जाच्या मधेच पासपोर्टवरचं नाव बदलू नये. निवड एका नावाने आणि व्हिसा दुसऱ्या नावाने, हे निस्तरणं फार त्रासाचं जातं.

जन्मदाखला महापालिकेचा इंग्रजी असलेला बघा. जुन्या नोंदीत बाळाच्या नावाची जागा कोरी असते. तसं असेल तर नाव आधी चढवून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला गुजरातीत असेल तर प्रमाणित भाषांतर लागेल.

गुणपत्रिका, ट्रान्सक्रिप्ट, अपोस्टिल

महाराजा सयाजीराव विद्यापीठातून शिकलेल्यांनी ट्रान्सक्रिप्टचा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाकावा. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सेमिस्टरच्या सुट्या गुणपत्रिकांचा गठ्ठा नव्हे. सगळ्या वर्षांचे विषय, क्रेडिट आणि गुण एकत्र दाखवणारा, विद्यापीठाने सही करून बंद पाकिटात दिलेला तो कागद. एकदम पाच संच मागवा. दोनच घेतले तर तिसऱ्या अर्जाला पुन्हा तीच रांग. एटीकेटी असेल तर ती दिसणारच. ती लपवण्यापेक्षा, फॉर्ममध्ये जागा असल्यास, कारण एका वाक्यात लिहावं. पदवी दीक्षान्त समारंभानंतर मिळते, तोवर प्रोव्हिजनल सर्टिफिकेट बहुतेक ठिकाणी चालतं. पण कोरियासारख्या ठिकाणी अंतिम पदवी नंतर मुदतीत द्यावीच लागते.

अपोस्टिल हा शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. आपला कागद खरा आहे हे परदेशाला सांगणारा परराष्ट्र मंत्रालयाचा तो स्टिकर. हा स्टिकर एकमेकांचा मान्य करणाऱ्या देशांच्या करारात भारत २००५ पासून आहे. कोरियाच्या अर्जाला पदवी आणि ट्रान्सक्रिप्टवर तो लागतो. क्रम असा: शैक्षणिक कागद आधी राज्याच्या अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचे, मग मंत्रालयाने नेमलेल्या एजन्सीमार्फत मंत्रालयाकडे पाठवायचे. सरकारी फी दस्तऐवजामागे ५० रुपये, वर एजन्सीचं सेवाशुल्क. कोणी एका कागदाचे पाच-सात हजार सांगितले तर त्यातला मोठा वाटा मधल्या माणसाचा असतो.

इथे एक घरगुती सवय नडते. गुणपत्रिका हातात आली की आपल्याकडे ती लगेच लॅमिनेट होते. प्लास्टिकवर ना शिक्का बसतो ना स्टिकर, आणि असा कागद खिडकीवरूनच परत येतो. लॅमिनेशन सोलायला गेलं तर शाई सुटून येते. अशा वेळी डुप्लिकेट काढणं हाच मार्ग. जीकेएसला दिलेले कागद परत मिळत नाहीत, म्हणून मूळ पदवी कधीही पाकिटात घालू नका. नोटरी केलेल्या प्रतीवर अपोस्टिल करून ती प्रत पाठवा.

शिफारसपत्रं

मोठ्या हुद्द्याच्या माणसापेक्षा तुमचं काम बघितलेला माणूस बरा. कुलगुरूंची दोन ओळींची स्तुती कोणी वाचत नाही. प्रोजेक्ट मार्गदर्शकाने लिहिलेलं, तुम्ही नेमकं काय केलं ते सांगणारं एक पान वाचलं जातं. सरांना किंवा मॅडमना किमान महिनाभर आधी भेटा, सोबत एका पानावर तुमचे विषय, प्रोजेक्ट आणि अर्जाची मुदत लिहून द्या. पत्र लेटरहेडवर, ताज्या तारखेचं, आणि संपर्कासाठी संस्थेचा ई-मेल. जीमेलचा पत्ता संशय वाढवतो. जिथे बंद पाकीट मागितलंय तिथे झाकणाच्या जोडावर लिहिणाऱ्याची आडवी सही हवी. पाकीट तुम्ही उघडलंत की ते पत्र गेलं.

अभ्यासाचा आराखडा

'तुमच्या देशाची संस्कृती मला लहानपणापासून आवडते' हे वाक्य समितीने हजारदा वाचलेलं असतं. जपानला छपाईकला शिकायला जाणाऱ्या फाइन आर्ट्सच्या मुलीने मोकुहान्गा, म्हणजे पाण्यातल्या रंगांनी लाकडी ठशावरून करायची छपाई, वॉशी या जपानी कागदावर शिकायची आहे असं लिहावं. इथे आजवर कोणत्या कागदावर काम केलं आणि कुठे अडलं ते सांगावं आणि तिथल्या कुठल्या प्राध्यापकाचं काम त्याला जुळतं तेही. स्थापत्यशास्त्राच्या मुलाकडे तर विषय दारात आहे. विश्वामित्री नदीला २०१९ आणि २०२४ मध्ये आलेल्या पुरांत शहराचे कोणते भाग का बुडाले, कोणती माहिती उपलब्ध आहे, कोणती नाही, आणि शहरी पुराचं मॉडेलिंग शिकून परत आल्यावर तो काय करणार. अशा आराखड्यात 'पॅशनेट' हा शब्द एकदाही लागत नाही.

अर्ज टाकताना

प्रत्येक योजनेची एक खोच असते. हंगेरीला दोन दारं आहेत: त्यांचं ऑनलाइन पोर्टल आणि आपल्या शिक्षण मंत्रालयाकडचं नामांकन. एकच केलं तर अर्ज धरलाच जात नाही. कोरियाचा अर्ज दूतावासामार्फत किंवा विद्यापीठामार्फत, यांपैकी एकाच वाटेने करायचा. दोन्हीकडे केला तर दोन्हीकडून बाद. जपानसाठी गुजरात मुंबईच्या वकिलातीच्या हद्दीत येतं. मेक्स्टच्या लेखी परीक्षेत इंग्रजीबरोबर जपानीचीही परीक्षा असते.

आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं चालतो, तो मुदतीच्या किमान दीड महिना आधी हातात असू द्या. शहरात आयईएलटीएसच्या क्लासना तोटा नाही, आणि त्यातले काही 'सरकारी स्कॉलरशिप मिळवून देतो' असंही सांगतात. वर सांगितलेल्या योजनांची निवड एजंटाच्या हातात नसते. अर्जासाठी किंवा निवडीसाठी पैसे मागणारा माणूस ओळखायला एवढं पुरे.

आपल्या सरकारचीही एक वाट आहे. सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतल्या मुलांसाठी आहे. ज्या पदवीच्या जोरावर अर्ज करायचा तिच्यात ६० टक्के, वय ३५ च्या आत, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत. महाराष्ट्रातून आलेल्या घरांनी जातीचा दाखला नीट बघावा. अनुसूचित जातीची नोंद १९५० मध्ये कुटुंब ज्या राज्यात होतं त्या राज्याची धरतात, त्यामुळे आजोबांचा महाराष्ट्रातला कागद शोधावा लागू शकतो. जनसेवा केंद्रातून काढलेला आवकनो दाखलो, म्हणजे उत्पन्नाचा दाखला, गुजरातेत तीन वर्षं चालतो, पण या अर्जाला मागच्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न दाखवावं लागतं. जुना दाखला जोडून मोकळं होऊ नका.

पैसे आणि करार

'पूर्ण शिष्यवृत्ती' म्हणजे घरून काहीच लागणार नाही असं नव्हे. हंगेरी मास्टर्सला महिन्याला ४३,७०० फोरिंट देते, म्हणजे दहा-बारा हजार रुपयांच्या घरात. फी माफ असते आणि वसतिगृहाची सोय किंवा भाड्याला हातभार मिळतो, पण जेवणखाणात घरची भर पडतेच. मेक्स्टचा भत्ता चांगला आहे, मास्टर्सला महिना १,४४,००० येन. तरी पहिला हप्ता हातात पडेपर्यंतच्या खर्चासाठी सुमारे २,००० डॉलर जवळ ठेवा, असं त्यांचीच मार्गदर्शिका सुचवते.

चिव्हनिंगला शिक्षण झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते, फुलब्राइटवर मिळणाऱ्या 'जे' (J) प्रकारच्या व्हिसालाही तशीच. बडोद्याला हा प्रकार नवा नाही. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं तेव्हा तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. आजच्या अटी त्यामानाने सौम्य आहेत, पण सही करण्यापूर्वी घरच्यांबरोबर बसून वाचाव्यात.

निवड झाली तरी विनाअट प्रवेशपत्र हातात येईपर्यंत काम संपत नाही. चिव्हनिंगला ते जुलैपर्यंत लागतं, म्हणून अर्ज केलेल्या तिन्ही अभ्यासक्रमांशी पत्रव्यवहार चालू ठेवा. नाव राखीव यादीत असेल तरीही हेच करा. वरच्या कोणी माघार घेतली तर उत्तर द्यायला फार दिवस मिळत नाहीत.