क्वेकरांच्या जुन्या पत्रिका चाळताना या चुका टाळा

क्वेकर म्हणजे इंग्लंडमध्ये निघालेला एक ख्रिस्ती पंथ, स्वतःला ते ‘फ्रेंड्स’ म्हणवतात. त्यांच्या जुन्या पत्रिका आता घरबसल्या वाचता येतात आणि तेव्हापासून चुका वाढल्यात. नाव टाकून शोधायचं, पान उघडायचं, ओळ उचलायची! त्या ओळीच्या मागेपुढे काय आहे हे बघायला कुणाला सवड नसते.

सगळ्यात मोठा घोळ तारखांचा. महिन्यांची आणि वारांची रूढ नावं परक्या देवतांवरून आली म्हणून क्वेकरांनी ती सोडली आणि आकडे घेतले. ‘पहिला दिवस’ म्हणजे रविवार, इथवर ठीक. पण ‘पहिला महिना’ म्हणजे जानेवारी हे फक्त 1752 पासून खरं. त्याआधी इंग्लंडचं आणि तिथल्या वसाहतींचं वर्ष 25 मार्चला बदलायचं, त्यामुळे क्वेकरांचा पहिला महिना मार्च होता. एकोणिसाव्या शतकातल्या पत्रिकांनी जुन्या क्वेकरांची चरित्रं छापली ती मूळच्या तारखांसह. म्हणजे एकाच अंकाच्या मुखपृष्ठावरचा पहिला महिना जानेवारी आणि आतल्या चरित्रातला मार्च.

एका विद्यार्थ्याचं प्रकरण माझ्याकडे तपासायला आलं होतं. तो ज्याच्यावर लिहीत होता तो माणूस वारला 1691च्या पहिल्या महिन्यात, 28 तारखेला. त्याने जानेवारी धरला. मग त्याच माणसाची फेब्रुवारीतली सही एका खरेदीखतावर निघाली. तारीख पुन्हा तपासायची, तर याने त्याच नावाचा एक मुलगा कल्पिला, त्याच्या नावावर जमीन केली आणि पुढची पंधरा पानं त्या नसलेल्या मुलावर लिहिली. शिवजन्माच्या तिथीवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगावं लागू नये. मी मूळ तारीख शाईने जशीच्या तशी उतरवतो आणि आजची तारीख तिच्याखाली पेन्सिलीने लिहितो. तारखा बदलून देणारी तयार साधनं मी वापरत नाही. घाईच्या माणसाला ती हवीहवीशी वाटतात, पण मूळ नोंद कोणत्या काळातली हे आधी माणसालाच ठरवावं लागतं.

दुसरी चूक : नुसतं ‘द फ्रेंड’ असा संदर्भ देणं. कुठला? फिलाडेल्फियाचा 1827 साली निघाला, लंडनचा 1843 साली. त्याच 1843 साली ग्लासगोहून ‘द ब्रिटिश फ्रेंड’ही सुरू झाला. शिवाय 1827 साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत, म्हणजे त्या भागातल्या क्वेकरांच्या मुख्य संघटनेत, उभी फूट पडली. तिथला ‘द फ्रेंड’ ऑर्थोडॉक्स (सनातनी) गटाचा. उपदेशक इलायस हिक्स यांना मानणाऱ्यांचा ‘फ्रेंड्स इंटेलिजेन्सर’ 1844चा. एका शहरात दोन समाज, आणि खरे क्वेकर आम्हीच असं दोघांचंही म्हणणं. एकाच पत्रिकेत मृत्युवार्ता शोधून ‘नोंद नाही’ असं लिहिणाऱ्याने अर्धं गावच पाहिलेलं नसतं. 1955 साली वार्षिक सभा एकत्र आल्या आणि दोन्ही पत्रिका मिळून ‘फ्रेंड्स जर्नल’ झालं. कुठल्याही खंडात शिरताना मी आधी मुखपृष्ठ उतरवून घेतो. गाव, साल, गट. मगच आतलं पान.

पत्रिकेतलं मत म्हणजे समाजाचा ठराव नव्हे. ठराव हवा तर सभेचं इतिवृत्त काढा.

‘सभेने बहुमताने ठरवलं’ असं लिहू नका. क्वेकर सभेत मतदान नसतं. सभेचा कल काय आहे हे क्लर्क, म्हणजे सभा चालवणारा, टिपतो आणि ते सभेतच वाचून मान्य होतं.

समाजाबाहेर लग्न केल्याबद्दल काढून टाकलेला माणूस वाळीत पडला असं समजू नका. तो उपासनेला येऊन बसू शकत असे, कारभाराच्या सभेत मात्र त्याला जागा नसे.

क्वेकर ओट्सचा या समाजाशी काहीही संबंध नाही.

आणि भारतातले क्वेकर म्हणजे फक्त मध्य प्रदेशातल्या होशंगाबादचं क्वेकर मिशन, असंही धरून चालू नका. वर्ध्याजवळ सेवाग्रामला नई तालीमचं काम केलेल्या मार्जरी साइक्स 1928 साली मद्रासला शिक्षिका म्हणून आल्या आणि क्वेकर झाल्या त्या इथे आल्यानंतर. होशंगाबादच्या मिशनने त्यांना आणलेलं नव्हतं. त्यांची सुरुवातीची वर्षं त्या मिशनच्या कागदांत शोधत बसू नका.